वकील पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घराण्यात बाहेरचा माणूस निवडायची वेळ फक्त लग्नातच यायची. डॉक्टर गावात एकच होता. मास्तर सरकार पाठवायचं. किराणा दुकानदार आजोबांपासून ठरलेला होता. निवडायचा तो जावई किंवा सून, आणि त्याची रीत पक्की होती. आधी चौकशी, मग चार जाणत्या माणसांनी जाऊन बघणं, पोहे, चहा, इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि घरी परतताना गाडीतच निकाल. त्यामुळे नागपुरात आम्हाला वकील शोधायची पाळी आली तेव्हा बाबा आणि मामा गावाहून भाड्याची गाडी करून आले. दोघांच्याही टोप्या नीळ दिलेल्या होत्या. गाडीतून उतरता उतरता मामांनी विचारलं, "पहिले कोणाकडे जायचं आहे पाहाले?"

हेच दोघं काही वर्षांपूर्वी माझ्यासाठी नवरा पाहायला निघाले होते. त्यांची पारख आजवर चुकली नाही, असं बाबा म्हणाले. नवऱ्याने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

आमचा धंदा कूलरचा. नवरा आयटीआय झालेला फिटर आहे, तो पत्र्याचे कूलर बनवतो. मी हिशेब आणि भाड्याचं काम बघते. होस्टेलची मुलं, खोली करून राहणारे नोकरदार, नवीन संसार मांडलेली जोडपी होळी झाली की आमच्याकडून कूलर भाड्याने नेतात आणि पाऊस लागला की परत करतात. त्या चार महिन्यांवर आमचं वर्ष निघतं. धंदा माझ्या नावावर आहे, कारण बँकेच्या योजनेत बाईला कर्ज लवकर मिळत होतं आणि अर्ज न अडखळता भरू शकणारी घरात मी एकटीच होते. आमच्या दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली. बाबांनी मला तालुक्याच्या कॉलेजात एसटीने पाठवलं, लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. बी.कॉम.ला मला व्यापारी कायदा हा विषय होता आणि त्यात गुणही चांगले मिळाले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यावरून तसं वाटणार नाही.

कूलर ठेवायला आणि बनवायला सक्करदऱ्याला आमची भाड्याची शेड आहे. शेडचे मालक म्हातारे गृहस्थ होते. सुरुवातीला त्यांनी रीतसर करार केला. तो संपला तेव्हा मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "कायले त्या कागदाच्या मागं लागतं बाई, तू काय शेड घेऊन पळून जाशीन काय?" मलाही ते पटलं. पुढे ते वारले. त्यांचा मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होता आणि मनीषनगरात राहत होता. संक्रांत झाली आणि त्याच्या वकिलाची नोटीस आली. करार केव्हाच संपला आहे, महिन्याभरात जागा खाली करा.

महिन्याभरात म्हणजे होळीच्या तोंडावर. शेडमध्ये कूलर छतापर्यंत रचलेले. ते घेऊन जायचं कुठे, आणि नवीन जागा मिळाली तरी गिऱ्हाइकाला पत्ता कळेपर्यंत उन्हाळा निघून जाणार. एक उन्हाळा गेला तर बँकेचा हप्ता आणि मुलीची शाळा दोन्ही अडणार होतं. नोटीस मी तीनदा वाचली. व्यापारी कायद्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

आमच्या नात्यात, ओळखीत, अख्ख्या गावातही एकही वकील नव्हता. मामांना मात्र एकाचं नाव माहीत होतं. त्यांच्या शेजाऱ्याचा वाटणीचा खटला त्या वकिलाने लढवला होता. निकाल काय लागला, असं मी विचारलं. मामा म्हणाले, निकाल लागायचा आहे, पण वकील जबरदस्त आहे.

तर पहिला कार्यक्रम कोर्टाच्या आवारात झाला. वकीलसाहेबांचं टेबल पत्र्याच्या छपराखाली होतं आणि त्यांचा आवाज आम्हाला फाटकापासूनच ऐकू येत होता. मामांनी कोपराने बाबांना ढोसलं. चहा आला. मामांनी ठरलेल्या क्रमाने चौकशी सुरू केली. मूळ गाव कोणतं, घरी शेती किती, भाऊ वेगळे झाले की एकत्र आहेत, मुलं काय करतात. वकीलसाहेबांनी सगळ्याची मनापासून उत्तरं दिली. त्यांच्या आईचं माहेर आमच्या गावापासून दोन कोसांवर निघालं, तेव्हा तर दोन्हीकडून इतका आनंद झाला की दुसरा चहा मागवला गेला. नोटिशीच्या पहिल्या दोन ओळी वाचून त्यांनी ती टेबलावर आपटली आणि म्हणाले, "पाणी पाजतो त्याले. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका."

मग त्यांच्या मुन्शीने माझ्यापुढे वकीलपत्र ठेवलं, म्हणजे माझ्या वतीने यांनी काम बघावं असा अधिकार देणारा कागद. मी बाबांकडे पाहिलं. आमच्याकडची रीत अशी की पाहायला गेलेल्या घरी कधी नाही म्हणायचं नसतं. "विचार करून कळवतो" म्हणायचं आणि नंतर मध्यस्थाकरवी पत्रिका जुळत नाही असं सांगायचं. पण इथे पेन हातात दिलेलं होतं. मामा माझ्या कानाशी वाकले. "करून टाक सही. लोकाच्या घरचा चहा पिऊन नाही म्हणतेत काय? आपण काय आताच हो म्हणून राहिलो?"

मी सही केली. लग्नाच्या पाकिटावर नाव लिहावं तशी केली. फीचा पहिला भाग बाबांनी पानसुपारीसारखा दोन्ही हातांनी दिला.

परतताना गाडीत मामा खूश होते. "आवाज पाहिला काय जवाईबापू? जजच उठून उभा राहीन." बाबांना मात्र समाधान नव्हतं. एकच स्थळ पाहून ठरवायचं नसतं, असं त्यांचं मत. माझ्या वेळी सहा पाहिली होती.

दुसरं स्थळ नवऱ्याने सुचवलं. त्याच्या एका पंखेवाल्या व्यापाऱ्याचं काम तिथे होतं. काचेची इमारत, लिफ्ट, खाली वहीत नाव लिहून गळ्यात अडकवायची पट्टी. मामांनी ती टोपीवरून अडकवून घेतली आणि शेवटपर्यंत काढली नाही. इथले वकीलसाहेब तरुण, गोरेपान, मऊ बोलणारे. चहाऐवजी यंत्रातून कॉफी आली. ते म्हणाले की आधी आपण आपला व्यवसाय पुढच्या पाच वर्षांत कुठे पाहतो ते सांगा. नवरा म्हणाला, "सक्करदऱ्यालाच." त्यांनी ते लिहून घेतलं.

मामांनी विचारलं, हे ऑफिस स्वतःचं की भाड्याचं. भाड्याचं आहे, असं ते म्हणाले. मामांचा चेहराच पडला. पण कॉफी पिऊन झाली होती आणि बिस्किटंही खाल्ली होती. त्यांच्या मदतनीस मुलीने कागद पुढे ठेवले आणि जिथे जिथे सही करायची तिथे तिथे पिवळी चिठ्ठी लावलेली होती. इतक्या व्यवस्थित लावलेल्या चिठ्ठ्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

"ज्याले सवताची जागा नाही," मामा लिफ्टमध्ये म्हणाले, "थो आपली जागा काय वाचवन?"

"दोन वकील झाले ना आता," नवरा म्हणाला.

"झाले तं झाले. एकापेक्षा दोन बरे. पाहू आता कोण पसंत पडते."

आम्ही निश्चिंत होऊन घरी आलो. आमच्या हिशेबाने आम्ही फक्त पाहून आलो होतो. त्या दोघांच्या हिशेबाने मात्र लग्न लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात मालकाच्या मुलाला आमच्या वतीने एकाच दिवशी दोन उत्तरं पोचली. पहिल्यात लिहिलं होतं की कैलासवासी मालकांनी ही जागा आम्हाला तोंडी कायमची दिलेली आहे, आमचा ताबा कोणी हलवू शकत नाही, आणि पुन्हा त्रास दिल्यास फौजदारी करू. दुसऱ्यात लिहिलं होतं की आमचा या जागेवर कोणताही हक्क नाही, कधीच नव्हता, फक्त सामान हलवायला थोडा वेळ मिळावा ही नम्र विनंती. दोन्हींच्या खाली अशील म्हणून माझंच नाव. त्यावर मुलाच्या वकिलाचं जे पत्र मला आलं ते मी अजून जपून ठेवलं आहे. त्यात एवढंच होतं की आपलं नेमकं म्हणणं काय आहे ते आधी आपल्या घरी बसून ठरवावं आणि मग एकदाच कळवावं. नाहीतर आठ दिवसांत दावा दाखल होईल.

नवऱ्याने पत्र वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाला, "काहून वं, दोन्हीकडे सही केली?"

"तुम्ही काहून दोन बिस्किटं खाल्ली?" मी म्हणाले.

रात्रभर विचार करताना मला एक गिऱ्हाईक आठवलं. आम्ही कूलर देतो तेव्हा पावतीच्या मागे बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतात. त्या अटी मीच लिहिल्या होत्या, दुसऱ्या एका दुकानाच्या पावतीवरून, आणि खरं सांगायचं तर मीही त्या पुन्हा कधी वाचल्या नव्हत्या. आजवर एकाच बाईने आमच्या दुकानात उभं राहून त्या शेवटपर्यंत वाचल्या होत्या. मागे दोन माणसं खोळंबली होती, उन्हाचा कडका होता, तरी ती वाचत राहिली. मग तिने पेन मागितलं आणि एक ओळ खोडली. कूलरमुळे शॉक लागल्यास दुकान जबाबदार राहणार नाही, ती ओळ. "शॉक लागला तर तुम्ही जबाबदार आहातच," ती म्हणाली होती, "हे छापून काही होत नाही. उलट वायर चांगली टाका." नवऱ्याने त्या दिवसापासून वायर बदलली. पावतीवर तिने पत्त्याखाली अॅडव्होकेट लिहिलं होतं.

तिचा पत्ता मनीषनगरचा होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे गेलो. मी एकटी जाणार होते, पण बाबा आणि मामा पाहायला आल्याशिवाय राहणार नव्हते.

दोन खोल्यांचा फ्लॅट. पुढच्या खोलीत टेबल आणि पुस्तकं, आतल्या खोलीत सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. चहा आला नाही. पाणी आलं. मामांनी नेहमीसारखी सुरुवात केली, माहेर कोणतं, सासर कोणतं. वकीलबाईंनी दोन्ही सांगितलं. मग मामांनी विचारलं, आतापर्यंत किती खटले जिंकले. त्या म्हणाल्या की शक्यतो कोर्टात जायची वेळ येऊ देत नाही. मामांनी बाबांकडे पाहिलं. सून पाहायला जावं आणि तिने स्वयंपाक येत नाही म्हणून सांगावं, अशी ती नजर होती.

त्यानंतर मात्र प्रश्न विचारायची पाळी वकीलबाईंची आली. करार कधी संपला. पुढे भाडं कोणाला दिलं, कसं दिलं. म्हातारे मालक नेमकं काय बोलले, कोणाच्या समोर बोलले. मुलाची भेट कधी झाली. मी म्हणाले, भेट कधीच झाली नाही. त्यांनी मान वर केली. "तुम्ही त्याला एकदाही भेटला नाहीत?" आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. वकील पाहण्याच्या गडबडीत ज्याने नोटीस दिली त्याला भेटायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी नोटीस वाचली. दोन्ही उत्तरं वाचली. दुसरं वाचताना हसू दाबायला त्यांनी कागद तोंडापुढे धरला, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "तुमची बाजू कच्ची आहे. कागद नाही. लढलात तर काही वर्षं लांबवता येईल, पण शेवटी जागा सोडावीच लागेल."

मामा ताडकन उठले. आपलाच वकील आपल्याला कच्चं म्हणतो हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बाबांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"आमाले फक्त हा उन्हाळा पाहिजे," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच कामाचं बोलले होते आणि ते नेमकं होतं.

"ते बघता येईल," वकीलबाई म्हणाल्या, "पण आधी त्या दोन वकिलांकडून नाहरकत आणा. तुमचं वकीलपत्र त्यांच्याकडे आहे. मी कागदाला हात लावणार नाही तोपर्यंत." आणि मग आतल्या खोलीकडे बघत जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आधीच्या दोघी नांदत असताना मी तिसरी येत नसते, मामा."

हे वाक्य मामांच्या थेट काळजाला भिडलं. ही भाषा त्यांना कळत होती.

सोयरीक मोडायचं काम आमच्याकडे मामांचंच असतं. ते कोर्टात गेले, मी बरोबर होते. रस्ताभर ते वाक्यं जुळवत होते. आमचं घर तुमच्या लायकीचं नाही, पोरीची तब्येत बरी राहत नाही, घरात वडीलधारे एकमताचे नाहीत. आवाजवाल्या वकीलसाहेबांपुढे त्यांनी हात जोडून हे सगळं एका दमात सांगितलं. वकीलसाहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मुन्शीला विचारलं, "हे कोणते? वाटणीवाले का?"

आमची ओळख पटायला वेळ लागला. पटल्यावर त्यांनी लगेच सही करून दिली, मामांच्या पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला. मामांनी तो प्यायला नाही. ज्याच्या आईचं माहेर आपल्या गावाजवळ निघालं तो माणूस आपल्याला विसरतो, हे त्यांना फार लागलं. काचेच्या इमारतीत तर जावंही लागलं नाही. मी फोन केला आणि थोड्याच वेळात नाहरकत मोबाइलवर आली. पाठोपाठ एक निरोप आला, आमच्या सेवेला तुम्ही किती तारे द्याल. नवऱ्याने पाच दिले. बिस्किटं चांगली होती म्हणाला.

वकीलबाईंनी एकच पत्र पाठवलं. आधीची दोन्ही उत्तरं मागे घेतो, आमच्या अशिलाला समोरासमोर बसून बोलायचं आहे. पत्र पाठवायच्या आधी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "यातलं कोणतं वाक्य तुम्हाला खोटं वाटतं?" कॉलेज सुटल्यापासून मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी पुन्हा वाचलं. एकही नव्हतं.

रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत बैठक झाली. मालकाचा मुलगा आला, त्याची आई आली, आणि सोबत एक काका टोपी घालून आले. त्यांना पाहून मामांच्या जिवात जीव आला. सासूबाईंनी पोहे केले. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली, मुलगा मान खाली घालून मोबाइल चाळत होता, आणि काही क्षण खरंच असं वाटलं की आता एखादी मुलगी चहाचा ट्रे घेऊन येईल आणि तिला नाव विचारतील.

मुलाच्या आईनेच तोंड उघडलं. त्यांचे मालक आजारी असतानाही शेडच्या पत्र्याची काळजी करायचे. आणि आमच्या पत्रात लिहिलं होतं की जागा कायमची आमची. "त्यायनं तुमच्यावर विश्वास ठेवला," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही थे गेल्यावर जागा बळकावून राहिले."

मला वाटलं वकीलबाई काही बोलतील. त्या वहीत बघत बसल्या. मामांनी खाकरून सुरुवात केली, तर त्यांनी मामांपुढे पोह्यांची बशी सरकवली. मग मला कळलं की हे मीच बोलायचं आहे.

"काकू, जागा तुमची आहे," मी म्हणाले. "आमची नव्हती अन् होणार नाही. ते पत्र मी वाचलं नव्हतं. मी फक्त वकीलपत्रावर सही केली होती."

मामांच्या हातातला चमचा थांबला. मालकाच्या मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "आम्हाला एवढंच लिहून पाहिजे होतं," तो म्हणाला. आई रात्री झोपत नव्हती, म्हणून त्याने नोटीस पाठवली होती. शेडचं काय करायचं हे त्याने ठरवलंही नव्हतं.

पुढचं बोलणं काका आणि मामांनी केलं, आणि ते काम दोघांनाही उत्तम जमत होतं. अकरा महिन्यांचा करार, भाडं थोडं वाढवून, मुदत संपली की एका शब्दानेही न अडवता जागा सोडायची. वकीलबाईंनी करार लिहिला आणि सही करायच्या आधी सगळ्यांना तो पूर्ण ऐकायला लावला. मी वाचत होते. सातव्या कलमाला काका आणि मामा भिंतीला टेकून झोपले. बाबा मात्र जागे होते. एक-दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवून अर्थ विचारला. ज्या पोरीला त्यांनी एसटीत बसवून कॉलेजात पाठवलं होतं तिच्याकडून कायद्याचा अर्थ समजून घेताना त्यांना जे वाटलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही. पण परतताना गाडीत ते पुढे बसले नाहीत, माझ्याशेजारी बसले.

होळीनंतर शेडमध्ये कामाची घाई सुरू झाली. एका दुपारी मालकीणबाई मुलाच्या गाडीवरून आल्या. आम्ही जागा नीट ठेवतो की नाही हे त्यांना बघायचं असावं. नवऱ्याने नवीन कूलरमध्ये पाणी ओतून चालू केला आणि त्यांना समोर खुर्ची दिली. त्या बराच वेळ पदर सावरत गार हवेत बसून राहिल्या. मग वर बघून म्हणाल्या, "थो कोपऱ्यातला पत्रा गंजला. पावसाच्या पहिले बदलून घ्या. नाहीतर पुढच्या साली सगळे कूलर भिजतीन."

पुढच्या साली, असं त्या म्हणाल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यानेही ऐकलं होतं. त्या गेल्यावर मी वकीलबाईंना फोन लावला आणि धापा टाकतच सगळं सांगितलं.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "आता पत्र्याचा खर्च कोणाचा, ते लिहून घ्या."